ओळंबा

मात्ती नावाचा जावई आहे मला.
घरात आम्ही मातीच म्हणतो,
तोही ओ देतो, त्याला फरक कळत नाही.
ओउलू म्हणून गाव आहे, त्याच्याही वर, जंगलाच्या कडेला
तो आणि माझी शीतल घर बांधताहेत.
दोघंच. हाताखाली बिगारी नाही.
नाव ठेवलं तेव्हा वैशाख होता, पद्मावतीला पत्र्याची खोली,
थोडा गारवा मागितला होता.
एवढा नव्हता मागितला.

जेवणं झाली की फोन येतो.
इथे साडेदहा वाजलेले,
तिच्या भिंतीवर अजून ऊन.
‘बाबा, पाया बघा.’
मी चष्मा पुसतो.

पाया मला ठाऊक.
मुरूम लागेपर्यंत खणायचं,
पाषाण लागला की पहारीचा आवाज बदलतो,
तेवढा ऐकायचा आणि वर यायचं.
ती म्हणाली, इथे भीती ओलीची.
थंडीत सहा फूट खोल गोठते, फुगते,
आणि घर वर उचलते.
चाळीस वर्षं मी घरं खचताना पाहिली.
उचललं गेलेलं घर
माझ्या ऐकण्यातही नव्हतं.

मग भिंत दाखवली. लाकूड,
त्यात हातभर जाड लोकरीसारखं काहीतरी,
परत लाकूड.
म्हटलं, ही भिंत नाही गं, गादी आहे,
आधी पिंजारी बोलवायचा.
हसली. म्हणाली, वारा खेळावा म्हणून
तुम्ही खिडक्या समोरासमोर ठेवता.
इथे श्वाससुद्धा मोजून बाहेर सोडायचा.

किती मोठं?
अडीचशे फूट.
मी म्हटलं, एवढंच बांधायचं होतं
तर एवढ्या लांब कशाला?
ती गप्प झाली. मागे करवत चालू होती, तीही थांबली.
‘पेटवलेली चूल पुरेल
एवढंच हवं होतं, बाबा.’

मी आमच्या दीड खोलीकडे पाहिलं.
रविवारी रविवारी बांधलेली.
सहकारनगरच्या बंगल्यातून उरलेली फरशी,
कोथरूडच्या कुणा डॉक्टरांचे जुने गज,
मोरीत सहा रंगांच्या टाइल्स.
सुंदरा म्हणायची,
लोकांच्या भिंतीला ओळंबा, आपल्या भिंतीला डोळा.
तिची मांडणी शेवटपर्यंत पुढे झुकलेली राहिली,
पाठीमागे पाचरी मारून.

तो ओळंबा मी पोस्टाने पाठवला.
मातीकडे लाल रेघ मारणारं यंत्र आहे, तरी.
काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, आत काय?
म्हटलं, वजन.
किंमत किती लिहू?
मागे रांग होती. दोनशे लिहा म्हटलं.

शेजारचा तन्वीर नववीत आहे.
म्हणाला, आजोबा, पृथ्वी गोल,
तुमची दोरी आणि ताईची दोरी
एकमेकींना समांतर नाहीत.
खाली खाली वाढवत नेल्या
तर पार मधोमध भेटतील.
मग सरळ कोणाची?
दोघींची, म्हणाला, आणि सायकलवरून गेला.
मला गुडघ्यांमुळे जिना उतरवत नाही,
बसल्या बसल्या मी बरेच दिवस
त्या दोऱ्या खाली सोडत होतो.

जानेवारीत पुण्यात नऊ अंश.
मी माकडटोपीत, दोन स्वेटर.
तिच्याकडे उणे अठ्ठावीस.
आणि आत?
‘एकवीस.’ ती बाह्या दुमडून भांडी घासत होती.
म्हटलं, म्हणजे थंडीत मी आहे.
मग तिने फोन फिरवला.
तिहेरी काचेच्या खिडकीत, खिळ्याला,
माझा ओळंबा.
बाहेर झाडं वाकत होती.
मी पाहत राहिलो.
हलला नाही. जरासुद्धा नाही.

फोन ठेवला तेव्हा
आमच्या दाराखालून गार झोत येत होता.
उठलो, ट्रंक उघडली,
सुंदराचं एक जुनं लुगडं काढलं,
आणि गुडघा टेकून
फटीत नीट कोंबलं.